स्टिरिओत इंजिन गातं तेव्हा

गाडीत नवा ॲम्प्लिफायर बसवला, डिकीत वूफर ठेवला, चांगले दणदणीत पैसे मोजले. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि गाण्याच्या आधी स्पीकरमधून आली एक बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, पाय काढला की उतरते. गाणं बंद केलं तरी हिचं चालूच! दुकानदार म्हणतो, ‘‘वायर हलकी आहे साहेब, भारीतली टाकू.’’ शेजारचे काका म्हणतात, ‘‘ॲम्प डुप्लिकेट दिसतोय.’’ बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात. वायर ठीक असते, ॲम्पही ठीक असतो. तुम्हाला ऐकू येतंय ते तुमच्या गाडीचं वीजघर.

बॉनेट उघडून बघा. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर हे ते वीजघर. गाडी चालू असताना दिव्यांपासून वायपरपर्यंत सगळ्यांना वीज पुरवायची आणि वर बॅटरीही भरायची, हे त्याचं काम. गंमत अशी, की तो तयार करतो ती वीज घरातल्या विजेसारखी उलटसुलट दिशा बदलणारी, तीन फेजची. बॅटरीला तर एकाच दिशेची लागते. म्हणून त्याच्या पोटात सहा डायोड बसवलेले असतात. डायोड वीज एका बाजूनेच जाऊ देतो. सहाजण मिळून तिन्ही फेजचे उलटे भाग सुलटे करतात आणि बाहेर येते एकदिश वीज. पण अगदी सपाट नव्हे. जिथे लाटा जोडल्या तिथे बारीक चढउतार राहतोच.

आता जरा आकडेमोड करू, कारण इथेच खरी मौज आहे. नेहमीच्या अल्टरनेटरच्या फिरत्या भागावर बारा चुंबकीय ध्रुव असतात, म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडी एका फेऱ्यात सहा चढउतार देते. सहा सक छत्तीस. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत नुसतं धुकधुकत असेल, तर लहान पुलीमुळे अल्टरनेटर साधारण अडीचपट वेगाने, म्हणजे 2000 फेऱ्यांनी फिरतो. सेकंदाला 33 फेरे, प्रत्येकी 36 चढउतार : जवळजवळ 1200. इंजिन 2400 फेऱ्यांवर नेलंत की तेच होतात 3600. माणसाचा कान सगळ्यात तिखट कुठे असतो, ठाऊक आहे? सेकंदाला 2000 ते 5000 कंपनांच्या पट्ट्यात. म्हणजे हायवेवर गाडी जरा पळायला लागली, की हा उपद्रव नेमका आपल्या कानाच्या सगळ्यात हळव्या जागी येऊन बसतो. ही काही कुणाची योजना नव्हे. पुलीचा आकार, ध्रुवांची संख्या आणि आपल्या कानाची घडण, तिन्हींचा हा निव्वळ योगायोग!

पण हा चढउतार गाडीभर पसरलेला असतो. हेडलाइटमध्ये असतो, पंख्यात असतो, हॉर्नमध्ये असतो. तिथे तो कुणाला जाणवत नाही. मग गाण्यात घुसतो कसा?

घुसतो तो पत्र्यातून. घरात विजेला जायला एक वायर आणि परतायला दुसरी. गाडीत मात्र परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. बॅटरीची निगेटिव्ह बाजू थेट बॉडीला जोडलेली असते आणि गाडीचा अख्खा पत्रा परतीच्या वायरचं काम करतो. आपण टेकतो ते दार, सामान ठेवतो ती डिकी, सगळी सर्किटचा भाग. याला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात, आणि अर्थ म्हणजे शून्य व्होल्ट असं सगळे धरून चालतात.

ते शून्य खरोखर शून्य असतं का? बाथरूमच्या मोरीचं उदाहरण घ्या. मोरी अर्धवट तुंबली असेल, तर तांब्याभर पाणी ओतल्यावर काही कळत नाही, गुपचूप निघून जातं. बादली उपडी केली की पाणी तुंबून वर येतं. अर्थचंही तसंच. डिकीत ॲम्पची काळी वायर स्क्रूने पत्र्याला आवळली, पण खालचा रंग खरवडलाच नाही. रंग वीज वाहून नेत नाही. स्क्रूच्या आट्यांना जेवढा पत्रा लागला तेवढाच मार्ग. त्या सांध्याचा रोध समजा एका ओमचा शंभरावा भाग. किती क्षुल्लक! पण वूफर दणक्यात वाजताना ॲम्प 40 ॲम्पिअर ओढतो. 40 गुणिले 0.01 म्हणजे 0.4 व्होल्ट. डिकीतलं ‘शून्य’ डॅशबोर्डातल्या ‘शून्या’पेक्षा जवळजवळ अर्ध्या व्होल्टने वर आलं. पाणी तुंबलं.

आता डॅशबोर्डातल्या स्टिरिओपासून डिकीतल्या ॲम्पपर्यंत गाणं नेणारी आरसीए केबल आठवा. तिच्या आतल्या तारेत गाणं असतं, आणि बाहेरची जाळी दोन्हीकडे अर्थला जोडलेली असते. दोन टोकांची शून्यं वेगळी, तर त्या जाळीतून वीज वाहणारच. पत्र्यातून एक वाट आणि जाळीतून दुसरी, असा एक मोठा वळसा तयार होतो. त्या वळशातून अल्टरनेटरचा चढउतार फिरतो आणि ॲम्प त्याला गाण्याचाच भाग समजतो. गाण्याचा संकेत दोन-चार व्होल्टचा. त्यात काही मिलिव्होल्टची भेसळ झाली तरी पुरे. ॲम्पचं कामच मुळी मोठं करणं. तो भेसळही इमानेइतबारे मोठी करून देतो.

हाच प्रकार ॲम्प नसलेल्या गाडीतही भेटतो. मोबाइल ऑक्स केबलने स्टिरिओला जोडलाय आणि त्याच वेळी गाडीतल्या चार्जरला लावलाय. शिट्टी सुरू. चार्जर काढला, शिट्टी गायब! कारण चार्जरच्या वायरीतून एक अर्थ आणि ऑक्सच्या वायरीतून दुसरा; चार्जर काढताच वळसा तुटला. यावर बाजारात एक छोटी डबी मिळते, ग्राउंड लूप आयसोलेटर. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. गाणं एका वेटोळ्यात शिरतं, तिथे चुंबकीय क्षेत्र बनतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात पुन्हा वीज होऊन उमटतं. मध्ये तारेचा धागासुद्धा नाही. मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेली करामत, आज आपल्या ऑक्स केबलला लटकलेली. तरी सांगतो, डिकीतल्या ॲम्पसाठी ही डबी म्हणजे दुखणं राहू देऊन झोपेची गोळी घेणं. अर्थ दुरुस्त करा.

आणि अर्थ दुरुस्त आहे की नाही, हे कसं तपासायचं? बहुतेकजण इथे फसतात. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवतात, एक टोक काळ्या वायरीला, एक बॉडीला. बीप वाजला, अर्थ ठीक! पण बीप वाजवताना मीटर सांध्यातून पाठवतो ती वीज जेमतेम मिलिॲम्पिअरची. तांब्याभरच पाणी! दहा-वीस तारांची वायर तुटून एकच तार उरली असेल तरी बीप वाजेल. खरी परीक्षा बादलीची. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. मीटरवर 0.1 व्होल्टच्या आसपास दिसलं तर उत्तम, 0.4-0.5 दिसलं तर पान्हा आणि सँडपेपर घेऊन डिकीत उतरा. रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, मग वायर आवळायची, आणि वरून ग्रीसचा हात फिरवायचा. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत तो शेवटचा हात विसरलात, तर पुढच्या पावसाळ्यानंतर गंज तोच खेळ पुन्हा मांडेल.

शिट्टीचा पत्ता शोधायला मात्र मीटरच्याही आधी एक उपकरण हाताशी असतं : व्हॉल्यूमची कळ. आवाज अगदी शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली? मग ती कळीच्या पुढे कुठेतरी शिरतेय. आरसीए केबल, ॲम्प, डिकीतला अर्थ. कळीबरोबर शिट्टीही कमीजास्त झाली? मग ती कळीच्या आधी शिरलीय. मोबाइल, ऑक्स, चार्जर. एक कळ फिरवली आणि अर्धी गाडी संशयातून मोकळी! पुढची पायरी : आवाज बंद ठेवून ॲम्पच्या आरसीए पिना काढा. शिट्टी गेली तर दोष अलीकडचा, राहिली तर ॲम्पचा किंवा त्याच्या विजेचा. प्रत्येक चाचणीला उरलेल्यातला अर्धा भाग बाद होतो. सोळा संशयित जागा असतील तर चार चाचण्यांत एक उरते. वायरी भराभरा बदलत सुटणाऱ्या मेकॅनिकपेक्षा दोन मिनिटं हात न लावता ऐकत बसणारा मेकॅनिक निवडावा, तो यासाठी.

या शिट्टीला एक इतिहासही आहे, आणि तो मोठा खट्याळ आहे. 1930 मध्ये शिकागोत पॉल गॅल्विनच्या कारखान्यात 5टी71 हा गाडीतला रेडिओ तयार झाला आणि त्याला नाव मिळालं ‘मोटोरोला’. त्या मंडळींची मोठी डोकेदुखी होती गाडीच्याच विजेची खरखर. ती शमवणाऱ्यांत एल्मर वेव्हरिंग नावाचा तरुण होता. पुढे त्याच कंपनीत राहून गाड्यांचा अल्टरनेटर विकसित करण्यात त्याने मोठा वाटा उचलला. म्हणजे जुन्या खरखरीशी झुंजलेल्या माणसाचा हात नव्या शिट्टीलाही लागलेला आहे!

जुनी खरखर बहुतांशी ठिणग्यांची. पेट्रोल इंजिनमध्ये स्पार्क प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या इंजिनात 800 फेऱ्यांना सेकंदाला सत्तावीसेक ठिणग्या. आणि ठिणगी म्हणजे काय? 1887 मध्ये हाइनरिश हर्ट्झने रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. तुमचं इंजिन म्हणजे चार ठिणगीप्रक्षेपक घेऊन फिरणारं केंद्र. मीडियम वेव्ह लावून बघा, टिकटिक ऐकू येईल. म्हणून तर आजच्या प्लगमध्ये आणि वायरींत मुद्दाम हजारो ओमचा रोध घातलेला असतो. तपासणाऱ्याला इथे एक फुकटचा दाखला मिळतो : गाडी डिझेलची असेल तर ठिणगी नाहीच, तेव्हा खरखरीचा गुन्हेगार दुसराच. बऱ्याचदा तो नव्याने बसवलेला डॅशकॅम किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर निघतो.

आवाज जास्त होण्याची तक्रार पुरे. आता आवाज जाण्याची. दार उघडलं की डावा स्पीकर गप्प, लावलं की पुन्हा सुरू. यात भुताटकी काही नाही. दाराच्या बिजागरीशी रबराची एक नळी दिसते, तिच्यातून वायरी दारात जातात. दार जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा त्या वाकतात. आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात, वरचं प्लास्टिक मात्र धडधाकट राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वायर साजूक! स्टिरिओमागचा कपलर काढून त्या स्पीकरच्या दोन पिनांवर ओम मोजा. चार ओमचा स्पीकर साधारण साडेतीन दाखवतो. चार ओम हे वाजत असतानाचं माप, मीटर मोजतो तो नुसत्या तारेचा रोध. आता कुणाला तरी दार हळूहळू हलवायला सांगा. आकडा उड्या मारू लागला की तार कुठे तुटलीय हे नळीने स्वतः कबूल केलं.

चारही स्पीकर एकदम बंद झाले तर लोक स्टिरिओ जळाला म्हणून हळहळतात. थांबा. इंजिन चालू असताना गाडीतल्या विजेचा दाब असतो फार तर 14.4 व्होल्ट. एवढ्यावर दमदार आवाज काढायचा कसा? अभियंत्यांनी युक्ती केली. स्पीकरच्या दोन्ही वायरींपैकी एकही अर्थला जोडायची नाही. दोन्ही शांतपणे अर्ध्या दाबावर, सहा-सात व्होल्टवर टांगून ठेवायच्या. गाणं आलं की एक वर जाते, त्याच क्षणी दुसरी खाली येते. स्पीकरला मिळणारा झोका दुप्पट, ताकद चौपट! पण त्यामुळे स्पीकरची निगेटिव्ह वायरसुद्धा ‘जिवंत’ असते. ती कुठे पत्र्याला टेकली, तर स्टिरिओमधली चिप स्वतःला वाचवण्यासाठी सगळं दुकान बंद करते. दारं तर मुळातच ओली असतात. काचेच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं, अशीच त्यांची रचना. तिथे उघडा सांधा किंवा टेप सुटलेली वायर असली की झालं. एकेक स्पीकर सोडवत जा. ज्याला काढताच बाकीचे तीन बोलू लागतील, तो दोषी.

जाता जाता, खोक्यावर ‘50 वॅट × 4’ लिहिलेलं असतं ना? स्टिरिओच्या मागे 10 ॲम्पिअरचा फ्यूज असेल तर 10 गुणिले 14.4 म्हणजे 144 वॅट. आत सतत 144 येणार आणि बाहेर सतत 200 जाणार? शुद्ध गाण्यासाठी एका स्पीकरच्या वाट्याला फार तर पंचवीसेक वॅट येतात, तेही फूल आवाजावर.

सगळ्यात चकवणारा दोष मात्र असा, की ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. चारही स्पीकर वाजतायत, खरखर नाही, पण ढोलकीत जीव नाही, बास कुठे गेला कळत नाही. एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्यात, एवढंच. एकाचा कागद बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि दोन चांगल्या आवाजांची बेरीज होते जवळजवळ शून्य. परीक्षा एका पेन्सिल सेलने होते. स्पीकरच्या वायरी स्टिरिओपासून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. टक्! अधिकला अधिक असेल तर कागद बाहेर येताना डोळ्यांना दिसतो, उलट असेल तर आत जातो. वायरींची अदलाबदल केली की बास परत. खर्च : शून्य.

चावी काढली की स्टिरिओ घड्याळ आणि स्टेशनं विसरतो? बाजारातल्या स्टिरिओंना पिवळी वायर कायमच्या विजेची आणि लाल चावीवरची. दोघींची अदलाबदल झाली की स्मृतिभ्रंश. याच्या उलट, ॲम्पला जागं करणारी निळी-पांढरी वायर कुणी कायमच्या विजेवर जोडली, तर ॲम्प रात्रभर जागा. एक ॲम्पिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण लहान गाडीची 35 ॲम्पिअर-तासांची बॅटरी त्याने दीड दिवसात सपाट होते, आणि सेल्फ मारणं त्याच्या बऱ्याच आधी बंद पडतं.

शेवटी फ्यूज, आणि मला सगळ्यात आवडणारी युक्ती. फ्यूज घातला की उडतो, दुसरा घातला, उडाला. कुठेतरी शॉर्ट आहे, पण कुठे? दहा फ्यूज वाया घालवण्यापेक्षा फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असल्यामुळे बल्ब लख्ख पेटतो. पण आता सर्किटमधून पावणेदोन ॲम्पिअरपेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही; बल्बच तिला अडवून धरतो. काही जळत नाही, काही उडत नाही. मग सीटखाली, डॅशबोर्डामागे, दाराशी एकेक वायर हलवत चला. (पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि कपलर सोडून, ते एअरबॅगचे.) जिथे हात लावताच बल्ब विझेल, तिथेच शॉर्ट. बऱ्याचदा सीटच्या रुळाचा स्क्रू वायरीत घुसलेला सापडतो. बल्ब मात्र सीटकव्हरवर ठेवू नका, चांगलाच तापतो.

फ्यूज ॲम्पला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी जाड लाल वायर इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे घासून ती उघडी पडली, तर बॅटरी क्षणात शेकडो ॲम्पिअर ओतते आणि गालिच्याखाली तांबं लालभडक होतं. फ्यूज डिकीत ॲम्पजवळ असेल तर या आगीला तो काय करणार? तो हवा बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. आज बॉनेट उघडा आणि त्या लाल वायरीवर तो आहे का बघा. नसेल, किंवा उडालेल्या फ्यूजच्या जागी कुणी वायरचा तुकडा कोंबला असेल, तर गाणी नंतर ऐका, आधी तो बसवून घ्या.